आयर्लंडची काठी आणि आमचा डबा

बडोद्याच्या एका वकिलाने आयर्लंडविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तो देश आम्ही पाहिलेला नाही. आमच्या अशिलांत आजवर एकही आयरिश मनुष्य आलेला नाही, आणि येण्याचा संभवही दिसत नाही. तरीही गेली दोन वर्षे त्या चिमुकल्या बेटाने आमच्या मनाचा पिच्छा पुरविला आहे. त्याचे कारण सांगावयाचे तर आम्हांस थोडी आत्मनिंदा करावी लागेल. दुसऱ्यांचे कबुलीजबाब न्यायासनापुढे वाचून दाखविण्यात आमची वीस वर्षे गेली; आज एक स्वतःचा लिहून देत आहोत.

आमच्या वडिलांची थोरली बहीण, जिला सारे घर आक्का म्हणे, दोन वर्षांपूर्वी निवर्तली. तिच्या खोलीत आमच्या पणजोबांचे एक शिसवी कपाट होते. पणजोबा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरीच्या निमित्ताने गोव्याहून आले आणि येथलेच झाले. आक्काचे दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही ते कपाट उघडले. आत पोथ्या होत्या, जुनी पंचांगे होती, कवळ्याच्या देवस्थानच्या पावत्या होत्या, आणि त्यांच्या तळाशी, पाने पिवळी पडून ठिसूळ झालेला एक ग्रंथ होता: साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर यांचा 'आयर्लंडचा इतिहास'. सन १९०९ चा. त्याच साली मराठी साहित्य संमेलन प्रथमच बडोद्यास भरले होते. आणि पुढे १९२१ साली येथेच भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द केळकरांनी भूषविले. पणजोबांनी तो ग्रंथ केव्हा घेतला हे समजण्यास मार्ग नाही. परंतु देवस्थानच्या पावत्यांच्या सोबतीने त्यांनी तो जपून ठेवावा, याचे आम्हांस मोठे कुतूहल वाटले.

विचार करता ते कुतूहल ओसरले. त्या काळचा सुशिक्षित मराठी माणूस आयर्लंडचा इतिहास परक्या देशाचा म्हणून वाचतच नव्हता. आपल्या घरातील थोरल्या भावाची हकीकत वाचावी तसा तो वाचत होता. इंग्रजी सत्तेशी झगडणारे ते सर्वांत जवळचे आणि सर्वांत जुने राष्ट्र. लोकमान्यांनी मंडालेहून सुटून आल्यावर जी चळवळ उभारली तिचे 'होमरूल' हे नावसुद्धा आयर्लंडचेच. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावी होमरूल संघाची स्थापना झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष झाले आणि केळकर चिटणीस. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, २४ ते २९ एप्रिलपर्यंत, डब्लिन शहरात ईस्टरचे बंड धुमसत होते. बेळगावात सनदशीर मार्गाचे ठराव लिहिले जात होते आणि डब्लिनच्या पोस्ट ऑफिसावर तोफा डागल्या जात होत्या. उद्दिष्टाचे नाव मात्र दोन्हीकडे एकाच कोशातून आलेले.

आमच्या बडोद्याचाही या आयरिश कथेत लहानसा वाटा आहे. श्री अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत येथे महाराजांच्या सेवेत होते. दांडिया बाजारातील खासेराव जाधवांच्या बंगल्यात त्यांचा निवास असे. आयरिश पुढारी पार्नेल १८९१ साली वारला तेव्हा विद्यार्थिदशेतील अरविंदांनी इंग्लंडात त्याजवर कविता रचली होती; ती ज्या संग्रहात आहे तो संग्रह खाजगी वितरणासाठी छापला गेला तो बडोद्यासच. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये भगिनी निवेदिता येथे व्याख्यानांसाठी आल्या. टायरोन परगण्यातील डंगॅनन गावी १८६७ साली जन्मलेली ही मार्गारेट नोबल, रक्ताने आयरिश आणि व्रताने हिंदू. त्यांना उतरून घेण्यास अरविंद स्टेशनावर गेले होते. त्यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी की, वाटेत कॉलेजच्या इमारतीचा तो अवाढव्य घुमट पाहून निवेदितांनी नापसंती दर्शविली आणि जवळच्या साध्या धर्मशाळेची मात्र मनसोक्त तारीफ केली. त्यावर खासेराव त्यांच्याकडे पाहतच राहिले आणि या बाईंचे डोके ठिकाणावर नसावे, असे त्यांना वाटले! त्याच घुमटाखालून जाताना आम्हांस अलीकडे ही गोष्ट आठवते. आम्हांस तो घुमट आवडतो; आमचे सारे तारुण्य त्याच्या सावलीत गेले आहे. पण जे आपले आहे आणि साधे आहे त्याकडे आपल्या आधी एखाद्या परदेशी बाईचे लक्ष जावे, यात काही बोध असेल तर तो खासेरावांइतकाच आम्हांसही लागू आहे.

आणखी एक धागा सांगतो. वऱ्हाडातील बडनेऱ्यास १८८२ साली जन्मलेले श्रीपुरोहितस्वामी. यांनी कायद्याची परीक्षा दिली पण वकिली केली नाही, याबद्दल आम्हांस त्यांचा किंचित हेवाही वाटतो. १९३० नंतरच्या दशकात ते विलायतेस गेले व तेथे आयरिश महाकवी येट्स यांचे स्नेही झाले. मायोर्का बेटावर दोघांनी एकत्र बसून दहा प्रमुख उपनिषदांचे भाषांतर सिद्ध केले. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. नोबेल पारितोषिक मिळविलेला कवी उतारवयात एका मराठी संन्याशाजवळ बसून उपनिषदे समजावून घेतो, हे दृश्य मनोहर आहे. त्यात एक वेदनाही आहे. येट्ससारख्या कवीला स्वतःच्या पूर्वजांच्या आयरिश भाषेतील काव्य मात्र भाषांतरावाचून वाचता येत नव्हते.

येथून आमच्या विषयाचे मर्म सुरू होते.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आयर्लंडात जे दंडक लादले गेले त्यांनी कॅथलिक प्रजेचा जमिनीवरील, अधिकारपदांवरील आणि विद्येवरील हक्क हिरावून घेतला. मास्तर झुडपांच्या कुंपणाआड मुले जमवून शिकवीत. धर्मगुरू रानातल्या एखाद्या सपाट खडकाची वेदी करून गुपचूप उपासना चालवीत. ते खडक तेथील लोक आजही भक्तीने दाखवितात. हे वाचताना कोणा सारस्वताला केळोशीची आठवण होणार नाही? सोळाव्या शतकात, १५६० च्या सुमारास, आमच्या पूर्वजांनी शांतादुर्गेला आणि मंगेशाला साष्टीतून उचलले, झुवारी ओलांडली, आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अंत्रुज महालात, कवळ्यास आणि प्रियोळास, देव नेऊन ठेवले. आयरिशांचा खडक आणि आमची ती होडी एकाच जातीची. फरक एवढाच की, तेथे ज्या पंथाची उपासना चोरून चालली होती, त्याच पंथाचे राज्यकर्ते येथे आमची देवळे पाडीत होते. तेव्हा दोष एखाद्या धर्माच्या माथी मारून आपण सुटत नाही. दुसऱ्याच्या देवघरात शिरणारी ती सत्ता असते. ती हाती आली की कोणाचे काय होईल हे सांगवत नाही.

सत्ता देवघरातून पुढे स्वयंपाकघरात शिरते, म्हणजे भाषेत. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, प्रजेने कोंकणी टाकावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. कोंकणी त्या हुकमाला पुरून उरली. आयर्लंडात १८३१ पासून सरकारी शाळा आल्या. त्यांत शिक्षण इंग्रजीतून. त्यावर १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ आला. सुमारे दहा लक्ष माणसे मेली, त्याहून अधिक जहाजांत बसून देशांतरास गेली. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटाची वस्ती ऐंशी लक्षांहून अधिक होती. १८५१ साली ती पासष्ट लक्षांवर आली. जी मेली आणि जी गेली त्यांत आयरिश बोलणारी गोरगरीब माणसेच फार होती. जे उरले त्यांनी मनाशी हिशेब केला: मुलाला अमेरिकेस जावयाचे आहे, तर त्याला इंग्रजी हवी; घरची भाषा त्याच्या वाटेत धोंड आहे.

या हिशेबातून ती काठी निघाली. मुलाच्या गळ्यात दोऱ्याने एक छोटी काठी बांधावयाची. तो आयरिशमध्ये बोलला की काठीवर चाकूने एक खाच पाडावयाची. ठराविक खाचा भरल्या की शाळेत मास्तरांनी त्यास शिक्षा करावयाची. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम वाइल्ड यांनी गेल्या शतकाआधीच्या शतकात, दुष्काळानंतरच्या दिवसांत, अशी एक घटना डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली आहे. आठ वर्षांचा एक मुलगा बहिणीशी आयरिशमध्ये एक वाक्य बोलून गेला आणि बापाची नजर पडताच चपापला. बापाने त्याला जवळ बोलाविले. तो रागावला नाही, शब्दही बोलला नाही. त्याने मुलाच्या कपड्याआडून काठी काढली, खिशातल्या चाकूने तिजवर एक खाच पाडली आणि ती पुन्हा आत सरकवली.

हे आम्ही वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मास्तरांचे आम्हांस नवल वाटले नाही; मास्तर सरकारचे नोकर. चाकू बापाच्या हाती होता, हे आम्हांस सोसवेना. कारण तो चाकू आम्ही ओळखला.

आमची कन्या चार वर्षांची असताना एका इंग्रजी शाळेत तिच्या प्रवेशाची मुलाखत होती. बाईंनी तिच्यापुढे चित्रांचे पुस्तक धरले. फुगा, झाड, चेंडू यांची इंग्रजी नावे तिने घडाघडा सांगितली. आम्ही तिच्याकडून ती घोटून घेतली होती. मग माशाचे चित्र आले. तिचा चेहरा खुलला आणि ती मोठ्याने म्हणाली, "नुस्तें!" बाई हसल्या. त्या वाईट हसल्या असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी पाठीवर हात फिरवून तिला खाऊ दिला, आणि आम्हांस मात्र सौम्यपणे सुचविले की, घरी इंग्रजी बोलत चला. प्रवेश त्या वर्षी मिळाला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा जेवणाच्या मेजावर ठेवला. त्याच्या झाकणास भोक पाडले आणि नियम जाहीर केला: घरात जो कोंकणी वा मराठी शब्द उच्चारील त्याने डब्यात एक रुपया टाकावा. नियम सर्वांस सारखा होता, त्यामुळे तो आम्हांस न्याय्य वाटला. कायद्यापुढे समानता! परंतु आम्ही दोघे इंग्रजी जाणत होतो; मुलीजवळ मात्र इंग्रजीची पन्नास-साठ नावे होती आणि बाकी सारे जग कोंकणीत होते. पहिल्या आठवड्यात तिच्या खाऊचे पैसे संपले. दुसऱ्या आठवड्यात ती गप्प राहू लागली. ती शिस्त लावून घेते आहे, असे आम्ही समजलो, आणि सौभाग्यवतींजवळ समाधानही व्यक्त केले. त्यांनी काही उत्तर दिले नाही.

आक्का त्या सुमारास आमच्याकडे कायमची राहण्यास आली होती. तिचे सासर फोंड्याजवळ. तेथे तिची पन्नास वर्षे गेली होती. इंग्रजी तिला येत नव्हती, आणि गुजराती कानावर असली तरी ती बोलत नसे. आम्ही तिला नियमातून सूट दिली. ती तिला मानवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पदराची गाठ सोडली, दहा रुपयांची नोट काढून घडी घालून डब्यात टाकली, आणि नातीला मांडीवर घेऊन म्हणाली, "हांवें पयशे भरल्यात. आतां तूं उलय."

आम्ही हसलो. घरातली एक गंमत म्हणून ती गोष्ट बार रूममध्येही सांगितली. आक्काने पुढे दर सोमवारी दहा रुपये भरले. त्या पैशांवर आजी-नात रोज दुपारी बोलत बसत. काय बोलत हे आम्ही कधी ऐकले नाही. आम्ही कोर्टात असू. न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत बसून आम्ही तेव्हा एका भाडेकरूचा वहिवाटीचा हक्क शाबीत करीत होतो. वापर सोडल्याने हक्क कसा बुडतो, यावर आम्ही त्या खटल्यात सुंदर युक्तिवाद केला, असे लोक म्हणाले.

पुढच्या वर्षी मुलीस प्रवेश मिळाला आणि डबा फडताळावर गेला.

वकील असल्यामुळे आयर्लंडने या दुखण्यावर कायद्याचे काय औषध केले, हे शोधल्यावाचून आम्हांस राहवेना. १८९३ साली डग्लस हाइड आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलिक लीग स्थापिली. हाइड हे प्रॉटेस्टंट पाद्र्याचे पुत्र. ज्या भाषेसाठी ते झटले ती त्यांनी गावच्या साध्या माणसांकडून ऐकून शिकली होती. हेच हाइड १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेने आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा ठरविली. इंग्रजीला दुसरे स्थान दिले. घटनेच्या दोन पाठांत विसंगती आढळली तर आयरिश पाठ प्रमाण मानावा, असेही त्यात आहे. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण याच आयरिश घटनेवरून आलेले. घटना समितीचे सल्लागार सर बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस परदेश दौऱ्यात डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरांशी बोलून आले होते. नरसिंग राव मंगळूरकडचे, कोंकणी बोलणाऱ्या सारस्वत घराण्यातले, हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नकोच. मार्गदर्शक तत्त्वांची खुबी दोन्ही घटनांत एकच आहे: राज्याने ती पाळावी, परंतु कोणत्याही न्यायालयाकडून ती अंमलात आणवून घेता येऊ नयेत.

आयरिश भाषेचे पुढे काय झाले? राज्य मिळाले, शाळांत भाषा सक्तीची झाली, रस्त्यांच्या पाट्यांवर ती वर आली, युरोपीय संघातही तिला राजभाषेचा मान मिळाला. २०२२ च्या शिरगणतीत अठरा लक्षांहून अधिक लोकांनी आपणांस आयरिश येते असे लिहून दिले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांच्या आतबाहेर निघाले. सगळ्या देशाची वस्ती एकावन्न लक्षांवर आहे. एखादे राष्ट्र स्वतःच्या घटनेत भाषेला सिंहासनावर बसवू शकते. जेवणाच्या पाटावर तिला बसविणे त्याच्या हाती नसते. आपल्या घटनेचे एकोणतिसावे कलम आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. १९५६ साली घातलेले तीनशेपन्नास-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. कोंकणी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. ही कलमे आम्हांस पाठ आहेत. पण पत्र्याचा डबा मेजावर ठेवणाऱ्या बापाविरुद्ध त्यांतले एकही चालत नाही. बडोद्यात तर आमच्यावर कोणी जुलूमही केलेला नव्हता. सयाजीरावांनी स्वतः मराठी असून प्रजेच्या गुजरातीला कारभारात मान दिला. आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी आमच्या गणपतीला आरती म्हटली, आमच्या बोलीला कधी नावे ठेविली नाहीत. २०१८ साली साहित्य संमेलन पुन्हा येथे भरले तेव्हा स्वागतास तेही होते. काठी आमच्या गळ्यात कोणी बांधली नाही. आम्ही ती आपण होऊन तासली.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे मांडले पाहिजे, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. प्रतिपक्ष म्हणेल: आयरिशांनी भाषा गमावली, पण राष्ट्रपण गमावले का? येट्स, सिंग, जॉइस यांनी जेत्याच्या भाषेत लिहूनच आपला देश जगापुढे उभा केला. १८८४ साली थर्ल्स गावी स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघाने हर्लिंगसारखे जुने खेळ गावोगाव जिवंत ठेविले. त्याचा स्वदेशाभिमान इतका कडवा की, राष्ट्राध्यक्ष हाइड १९३८ मध्ये विलायती फुटबॉलचा सामना पाहावयास गेले म्हणून संघाने त्यांना आश्रयदातेपदावरून दूर केले! ज्याने भाषा वाचविण्यासाठी आयुष्य वेचले त्याची ही गत. त्यांची वाद्ये आहेत, नाच आहेत, मृताच्या उशाशी रात्र जागविण्याची चाल आहे, आणि पितरे घरी येतात ती कार्तिकाच्या सुमाराची जुनी रात्रही आहे. तेव्हा भाषा गेली म्हणजे सर्व गेले, हे खरे नाही.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. सर्व जात नाही. काय जाते, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर आम्हांस ग्रंथात मिळाले नाही, एका इस्पितळाच्या खोलीत मिळाले.

आक्काचे शेवटचे आजारपण तीन आठवड्यांचे. तिची मराठी प्रथम गेली. आजारी माणूस मागे मागे चालत जातो, तशी ती फोंड्याच्या आपल्या घरात परत गेली होती. एका दुपारी ती सारखे एकच काही बोलू लागली. "जनेल," ती म्हणे, "जनेल उगड." आम्ही तिच्या तोंडाशी कान नेला. जनेल? आमच्या कोंकणीत, म्हणजे बडोद्यात तीन पिढ्या मुरलेल्या आमच्या घरच्या कोंकणीत, तो शब्द नव्हता. सासरकडचे कोणी नाव असेल, असे वाटून आम्ही तिला विचारले, "कोणाला बोलावू आक्का?" तिने डोळे मिटून घेतले. आम्ही नर्सला हाक मारली. कोपऱ्यात आमची अकरा वर्षांची कन्या अभ्यासाचे पुस्तक घेऊन बसली होती. ती उठली आणि तिने खिडकी उघडली.

बाहेर पाऊस पडत होता. वारा आत आला. आक्का शांत झाली.

"तुला कसे कळले?" आम्ही विचारले. मुलगी म्हणाली, "ती नेहमी म्हणायची ना, दुपारी." कोणत्या दुपारी, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दर आठवड्यास दहा रुपये भरून विकत घेतलेल्या त्या दुपारा होत्या. जनेल हा शब्द पोर्तुगीजांचा, हे आम्हांस पुढे समजले. ज्यांनी कोंकणी बंद करण्याचा हुकूम काढला त्यांच्याच घराची खिडकी काढून कोंकणीने आपल्या भिंतीत बसविली होती. तेव्हा शुद्धतेचा अभिमान आम्ही सोडून दिला आहे. भाषा शुद्ध असो की मिश्र, मरणाऱ्या माणसाला वारा हवा असला तर तो देण्याइतकी ती घरात असावी, एवढेच आता आमचे म्हणणे आहे. बाप-पुतण्या-वकील म्हणून आम्ही त्या खोलीत उभे होतो, आणि तो वारा आम्हांस देता आला नाही.

आक्का गेल्यावर डबा उघडला. मुलीचे रुपये वेगळे काढले आणि तिला परत दिले; ते कायद्याने तिचेच होते. आक्काच्या दहाच्या नोटा घडी घातलेल्या तशाच होत्या. त्या मोजण्याचा आम्हांस धीर झाला नाही. त्या तशाच पुडीत बांधून आम्ही माघातल्या जत्रेस कवळ्यास नेल्या आणि शांतादुर्गेच्या फंडपेटीत टाकल्या. गेल्या साडेचारशे वर्षांत त्या देवीच्या पेटीत पुष्कळ तऱ्हेचा पैसा पडला असेल; भाषेचा दंड म्हणून भरलेला पैसा तेथे प्रथमच पडला असावा.

दर्शन घेऊन बाहेर पडताना दीपस्तंभाजवळ फुले विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने मुलीकडे पाहिले आणि विचारले, "तूं खंयची गो?"

आम्ही उत्तर देण्यासाठी पुढे सरलो. आमच्या जिभेवर मराठी वाक्य तयार होते, कारण कोंकणी वाक्य जुळविण्यास आम्हांस आता क्षणभर लागतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "हांव बडोद्याची. म्हजी आजी हांगाची."

म्हातारीने तिला अबोलीचा वळेसर दिला आणि दोघी बोलत बसल्या. आम्ही मागे उभे होतो. आम्हांस कोणी काही विचारले नाही.